कादंबरीवरून थ्रिलरची पटकथा करताना किती बदलायचं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्या हातात एक मराठी रहस्यकादंबरी आहे. एक निवृत्त हवालदार जुन्या खुनाची हकीकत सांगतोय, सगळं 'मी'मधून, आणि अर्धंअधिक त्याच्या डोक्यातच घडतंय. लेखक हयात आहेत आणि "प्रसंगांना हात लावायचा नाही" असं त्यांनी बजावून ठेवलंय. निर्मात्याला दोन तासांचा सिनेमा हवाय. अशात तुम्ही 'एल सेक्रेतो दे सुस ओहोस' हा अर्जेंटिनाचा सिनेमा पाहिलात, भारावून मूळ कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मागवलंत आणि वाचून चक्रावलात. अटक वेगळी, कबुलीजबाब वेगळा, सालं वेगळी, शेवट वेगळा, नायकाचं आडनावसुद्धा वेगळं. वर पटकथेत कादंबरीकाराचंच नाव! म्हणून तुमचा सवाल: किती बदललेलं चालतं?

मी पटकथा लिहितो आणि त्यातलं बरंच काम दुसऱ्यांच्या कथा-कादंबऱ्यांवरचं असतं. माझ्या अनुभवात 'किती'ला उत्तर सापडत नाही. निर्माता कोण, बजेट किती, कादंबरी लोकांना पाठ आहे की दोन-तीनशे वाचकांपलीकडे गेलेलीच नाही, लेखकाचा स्वभाव कसा, या सगळ्यावर ते ठरतं. मी आधी वेगळंच शोधतो. कादंबरीत एखादं काम कोण करतंय? घटना, निवेदकाचा आवाज की योगायोग? ते कळलं की मग तेच काम पडद्यावर कुणाकडे सोपवायचं ते ठरवता येतं. तुम्ही निवडलेलं उदाहरण यासाठी इतकं चांगलं आहे की मी त्याच्यावरच बोलतो. (ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. खाली शेवटासकट सगळं फोडलंय.)

आधी पार्श्वभूमी. एदुआर्दो साचेरी हा इतिहासाचा शिक्षक, तरुणपणी कोर्टात नोकरी केलेला. 'ला प्रेगुन्ता दे सुस ओहोस' ही त्याची पहिली कादंबरी, २००५ची. ह्वान होसे काम्पानेलाने ती घेतली आणि दोघांनी मिळून पटकथा लिहिली. सिनेमा २००९ साली आला आणि २०१०च्या समारंभात त्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. काम्पानेलाने त्याआधी अमेरिकेत पोलिसी आणि वैद्यकीय मालिकांचे भाग दिग्दर्शित केले होते. वेळेत गोष्ट पुढे ढकलायची त्याची सवय सिनेमाभर दिसते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक गोष्ट खटकते: लिलियाना या तरुणीवरच्या बलात्काराचा आणि खुनाचा तपास कोर्टातला कर्मचारी कसा काय करतो? अर्जेंटिनात त्या काळी तपासाची सूत्रं न्यायाधीशाकडे असत. पोलीस हाताखाली काम करत, पण कागद हलायचे ते कोर्टाच्या कचेरीतून. त्यामुळे नायक बेन्हामिन एस्पोसितो (कादंबरीत चापार्रो) हा पिस्तूल घेऊन पळणारा माणूस नाही. फायली बांधणारा, टाइपरायटर बडवणारा माणूस आहे. त्याच्या हातात अधिकार कमी आणि कागद जास्त. सिनेमाने हे बदललं नाही, आणि माझ्या मते न बदललेल्या गोष्टींतली ही सगळ्यात शहाणपणाची. तुमचा हवालदारही असाच आहे. निर्माता त्याला इन्स्पेक्टर करायला सांगेल. करू नका. हवालदाराला दार उघडून घ्यावं लागतं, इन्स्पेक्टरला लोक दार उघडून देतात. नाट्य पहिल्यात आहे.

आता अटक घ्या. कादंबरीत खुनी गोमेस सापडतो तो रेल्वेत. तिकिटावरून तपासनिसाशी त्याची हाणामारी होते, प्रकरण पोलिसांत जातं आणि नाव जुळतं. शुद्ध योगायोग. कादंबरीत हे झकास चालतं, कारण सांगणारा म्हातारा झालाय, मागे वळून बघतोय, आणि आयुष्य असंच फालतू कारणांनी वळतं हेच त्याला म्हणायचं आहे. वाचकाने त्याच्यासोबत कैक पानं घालवलेली असतात, म्हणून तो योगायोग पचवतो.

थिएटरात तसं होत नाही. पाऊण तास दोन माणसं खुन्याच्या मागावर आहेत आणि अचानक तो टीसीच्या तावडीत सापडला, तर प्रेक्षक म्हणणार, मग आम्ही इतका वेळ काय बघत होतो? म्हणून पटकथेत एक नवी साखळी आली. एस्पोसितो आणि त्याचा दारुडा सहकारी सांदोवाल खुन्याच्या आईच्या घरात घुसतात आणि त्याने तिला लिहिलेली पत्रं पळवतात. पत्रांत नुसती नावंच नावं, कुणाची ते कळत नाही. सांदोवाल ती पत्रं घेऊन नेहमीच्या गुत्त्यात बसतो. तिथल्या एका गिऱ्हाइकाला, पेशाने नोटरीला, ती नावं ऐकून लगेच कळतं: हे सगळे रेसिंग क्लबचे फुटबॉल खेळाडू! नऊ वर्षं विजेतेपद नाही तरी त्या क्लबसाठी जीव टाकणारा तो नोटरी बघून सांदोवालच्या डोक्यात प्रकाश पडतो. माणूस घर बदलेल, चेहरा बदलेल, देवसुद्धा बदलेल, वेड बदलू शकणार नाही. आणि मग तो प्रसिद्ध स्टेडियमचा प्रसंग. कॅमेरा आकाशातून उराकान क्लबच्या मैदानावर उतरतो, गर्दीत शिरतो, या दोघांना शोधतो, त्यांच्यासोबत बोळांतून, मुताऱ्यांतून धावतो आणि थेट मैदानात. पाचेक मिनिटं एकही कट दिसत नाही. (जोड आहेत, पण बेमालूम.)

लोक त्या शॉटच्या कारागिरीबद्दल भरभरून लिहितात. पटकथाकार म्हणून मला त्याआधीचा गुत्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. तपास पुढे कोण नेतो? सिनेमाभर ज्याला सगळे निकामी समजतात तो दारुडा. आणि कशाच्या जोरावर? स्वतःच्या वेडाच्या. त्याला माहीत आहे की वेड सुटत नाही, कारण त्याचं सुटलेलं नाही. एका प्रसंगात तपास पुढे गेला, सांदोवाल उलगडला आणि सिनेमाचा विषयही मांडला गेला, कारण पुढे एस्पोसितोचं प्रेम आणि मृत लिलियानाचा नवरा मोरालेस याची निष्ठा हीसुद्धा तशीच न सुटणारी वेडं आहेत. कादंबरीतला योगायोग काढून टाकला तेव्हा त्याच्या जागी नुसता 'क्लू' ठेवला नाही. एका पात्राचा स्वभाव ठेवला.

तुमच्या कादंबरीत असे योगायोग किती आहेत ते आजच मोजा. मी दुसऱ्यांदा वाचताना समासात खुणा करतो: ही घटना कुणीतरी घडवली की आपोआप घडली? आपोआप घडलेली गोष्ट नायकाला अडचणीत टाकत असेल तर राहू द्या, प्रेक्षक कुरकुर करत नाही. अडचणीतून सोडवत असेल तर ती बदलावीच लागते.

दुसरा बदल कबुलीजबाबाचा. कादंबरीत गोमेसला डिवचून बोलतं करण्याची करामत सांदोवालची. सिनेमात ती इरेनेकडे गेली. इरेने ही एस्पोसितोची वरिष्ठ, वरच्या वर्गातली, उच्चशिक्षित, आणि त्याचं तिच्यावर न बोललेलं प्रेम. चौकशीच्या खोलीत गोमेस तिच्या ब्लाउजकडे बघतो, ती ते टिपते आणि मग थंडपणे त्याच्या पुरुषत्वाची टर उडवायला लागते. याच्यात कसली ताकद, हा कुठला बलात्कार करणार, अशा सुरात. गोमेस भडकतो आणि बोलून जातो.

सांदोवालकडून हे काम काढून घेणं अन्यायाचं वाटेल, पण स्टेडियम त्याला देऊन त्याचा हिशेब आधीच चुकता केलेला आहे. इरेनेचा प्रश्न खरा होता. कादंबरीत ती नायकाच्या मनात सतत असते. तो तिच्याबद्दल विचार करतो म्हणून ती पानोपान हजर असते. पडद्यावर विचार करणाऱ्या माणसाचा फक्त चेहरा दिसतो. तिला काही करायला दिलं नसतं तर ती सुंदर फर्निचर झाली असती. तुमच्या कादंबरीत हवालदाराची बायको आहे, जिच्याबद्दल तो सारखं सांगतो पण जी स्वतः काहीच करत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तिला कुठला प्रसंग देता येईल? बहुतेक वेळा तो नवा लिहावा लागत नाही, दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावा लागतो.

तुमची सगळ्यात मोठी चिंता, 'डोक्यातलं पडद्यावर कसं आणायचं', तिच्याकडे येतो. नवे लोक व्हॉइस-ओव्हर लावतात, म्हणजे दृश्यावर पात्राच्या आवाजात निवेदन. मी व्हॉइस-ओव्हरच्या विरोधात नाही, पण पहिल्या ड्राफ्टमध्ये त्याला बंदी घालतो. तो हाताशी असला की दुसरं काही सुचतच नाही.

या सिनेमाची सुरुवात बघा. निवृत्त एस्पोसितो १९९९मध्ये कादंबरी लिहायला बसलाय. पडद्यावर रेल्वे स्टेशन, धूसर, गाडीमागे धावणारी बाई. आपण त्यात गुंततो, तेवढ्यात तो पान फाडतो. मग एक तरुण जोडपं, सकाळचा नाश्ता, ऊन, नवऱ्याला खोकला म्हणून चहात लिंबू. हेही फाडतो. मग बलात्काराचे तुकडे, आणि तिथे त्याला पुढे लिहवत नाही. निवेदन नाही, 'मी एक निवृत्त कर्मचारी' वगैरे काही नाही. तरी तीन गोष्टी कळल्या: हा माणूस लिहितोय, त्याला सुरुवात सापडत नाहीये, आणि आपण जे बघणार आहोत ते त्याने लिहिलेलं आहे, जसंच्या तसं घडलेलं असेलच असं नाही. कादंबरीत हेच काम प्रकरणांची रचना करते, एकदा त्याची हस्तलिखितं, एकदा त्याचं आजचं आयुष्य. पडद्यावर त्याचे तीन फाटलेले कागद झाले.

आणि तो लिंबाचा चहा नुसती सजावट नाही. पुढे मोरालेस स्टेशनवर बसलेला सापडतो. नोकरी सुटली की तो रोज कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर जाऊन खुन्याची वाट बघत बसतो. तिथे तो कबूल करतो की त्या शेवटच्या सकाळी चहात लिंबू होतं की मध, हे आता त्याला नक्की आठवत नाही. आठवण आहे की आठवणीची आठवण, तेही कळत नाही. निवेदक कितपत विश्वासाचा, हा सगळा किचकट मामला एका कप चहात बसवला.

दाराचंही तसंच. इरेनेच्या केबिनचं दार. एस्पोसितो 'बोलायचंय' म्हणून येतो, तिच्या डोळ्यांत क्षणभर वेगळीच अपेक्षा, मग निघतो तो केसचा विषय. दार उघडंच राहतं. वर्षानुवर्षं उघडं. शेवटी तो येतो, ती म्हणते सोपं जाणार नाही, आणि त्याला दार लावायला सांगते. कादंबरीत ज्याच्यासाठी पानंच्या पानं मनोगत आहे त्यासाठी इथे एक बिजागरी. तुमच्या हवालदाराच्या मनोगतातून अशी एखादी वस्तू उचला, जिला हात लावता येतो. एकच पुरे. चार वस्तू घेतल्या की प्रतीकांचं प्रदर्शन होतं.

सालं का बदलली, हाही तुमचा प्रश्न होता. कादंबरीत खून १९६८चा. गोमेस तुरुंगात जातो आणि मे १९७३मध्ये राष्ट्राध्यक्ष काम्पोराचं सरकार आल्यावर राजकीय कैद्यांना जी सरसकट माफी मिळाली त्या लोंढ्यात बाहेर पडतो. यातला उपरोध जबरदस्त आहे. लोकशाहीच्या उत्सवात एक बलात्कारी सुटतो. पण तो समजायला तो इतिहास ठाऊक हवा. सिनेमात खून १९७४ला आणला. राष्ट्राध्यक्ष पेरॉन जुलै १९७४मध्ये गेला, त्याची बायको इसाबेल राष्ट्राध्यक्ष झाली, उजव्या टोळ्या मोकाट सुटल्या आणि मार्च १९७६मध्ये लष्कराने सत्ता घेतली. या वातावरणात गोमेसला गुंड म्हणून सरकारच वापरायला घेतं आणि तो टीव्हीवर राष्ट्राध्यक्षबाईंच्या मागे अंगरक्षक म्हणून उभा दिसतो. एक चित्र. ज्याला अर्जेंटिनाचा ओ की ठो माहीत नाही त्यालाही कळतं.

त्यानंतरचा लिफ्टचा प्रसंग तर मी शिकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो. इरेने आणि एस्पोसितो लिफ्टमध्ये, गोमेस आत येतो, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो, पिस्तूल काढतो, खटका ओढून बघतो. कुणी काही बोलत नाही. लिफ्ट थांबते. देशात पुढे काय होणार ते त्यात आलं. तुमच्या कादंबरीत आणीबाणी पार्श्वभूमीला आहे म्हणता. मग ती रेडिओच्या बातम्यांतून ऐकवू नका, ती हवालदाराच्या पोलीस ठाण्यात आत येऊन उभी राहायला हवी.

सगळे बदल मला पटतात असं नाही. सिनेमात सांदोवालला एस्पोसितो समजून मारेकरी मारतात, आणि एस्पोसितोच्या घरातल्या तसबिरी पालथ्या सापडतात. म्हणजे त्याने मित्राचा चेहरा लपवून स्वतः गोळ्या झेलल्या, असा एस्पोसितोचा तर्क. कादंबरीत त्याला मारेकरी मारत नाहीत, दारू मारते. मला कादंबरीतला मृत्यू जास्त खरा वाटतो. गिशेर्मो फ्रान्चेलाने, जो तिकडे विनोदी नट म्हणून प्रसिद्ध, सांदोवाल इतका अप्रतिम केलाय की हौतात्म्य त्याला दिलं नसतं तरी चाललं असतं. अर्थात तो 'तर्क' आहे, कादंबरी लिहिणाऱ्या मित्राचा तर्क, ही पळवाट लेखकांनी ठेवलेली आहे. हुशार आहेत!

शेवटाकडे येऊ, कारण तुमचे लेखक तिथेच अडणार आहेत. कादंबरीत मोरालेसचं पत्र येतं, चापार्रो जातो, पण तोवर उशीर झालेला असतो. सत्य कळतं ते मोरालेस आणि त्याने कोंडून ठेवलेला गोमेस या मेलेल्या माणसांकडून. सिनेमात मोरालेस आधी सांगतो की मी गोमेसला गाडीच्या डिकीत घालून, शेजारून आगगाडी धडधडत जात असताना गोळ्या घातल्या, आणि ते आपल्याला फ्लॅशबॅकमध्ये दिसतं. एस्पोसितो निघतो. वाटेत जुने शब्द जुळतात, तो परततो आणि शेडमधल्या कोठडीत गोमेस जिवंत. वर्षानुवर्षं कोंडलेला. तो सुटका मागत नाही. एवढंच विनवतो की याला निदान माझ्याशी बोलायला सांगा. आणि मोरालेस आठवण करून देतो की जन्मठेप तुम्हीच म्हणाला होतात.

खोटा फ्लॅशबॅक दाखवणं ही फसवणूक का वाटत नाही? तो मोरालेसने सांगितलेला आहे, कॅमेऱ्याने स्वतःहून दाखवलेला नाही, आणि सिनेमाने सुरुवातीलाच फाटलेल्या पानांतून आपल्याला ताकीद दिलेली आहे. तुमच्या हवालदाराने वाचकापासून एक गोष्ट लपवली आहे ना? ती लपवाछपवी पडद्यावर चालवायची असेल तर पहिल्या दहा मिनिटांत, एखाद्या क्षुल्लक बाबतीत, तो खोटं बोलताना प्रेक्षकाला दिसला पाहिजे.

आता बघा, दोन्ही शेवटांत काय तसंच राहिलं: मोरालेसने स्वतःचं आयुष्यही त्या कोठडीत घातलं, आणि ते बघून नायकाला कळतं की पोकळ आयुष्य जगणं म्हणजे काय. साचेरीने हे सोडलं नाही, बाकी सगळं सोडायला तो तयार झाला. २०१५ साली अमेरिकेत याचा रिमेक झाला, बिली रेने दिग्दर्शित केलेला, ज्युलिया रॉबर्ट्स आणि निकोल किडमनसारखी नावं घेऊन. तिथे पार्श्वभूमी ११ सप्टेंबरनंतरच्या दहशतवादविरोधी तपासाची आणि शोक करणारी व्यक्ती म्हणजे तपास पथकातलीच एक आई. खुन्याला संरक्षण का मिळतं याचं कारण चोख जमवलंय, स्टेडियमही आहे. पण मोरालेस हा परका माणूस होता, बँकेत काम करणारा, ज्याच्या निष्ठेकडे नायक बाहेरून थक्क होऊन बघतो. तोच सहकारी झाल्यावर ते थक्क होणं गेलं. घटना बहुतेक तशाच, आतलं हरवलं.

म्हणून लेखकांकडे जाताना बदलांची यादी घेऊन जाऊ नका. त्यांना विचारा, या कादंबरीतलं काय गेलं तर ती तुमची राहणार नाही? एका वाक्यात लिहून घ्या. ते वाक्य सांभाळायचं वचन द्या आणि प्रसंगांची मोकळीक मागा. जमलं तर त्यांना पहिल्या वन-लाइनच्या (एकेका ओळीत प्रसंगांचा आराखडा) बैठकीला बसवा, साचेरीसारखं. सगळ्यांना ते जमत नाही. काही लेखक प्रत्येक सीनमध्ये कादंबरीतलं वाक्य परत घालतात. तसं दिसलं तर संवादाच्या टप्प्यापासून त्यांना नम्रपणे लांब ठेवा.

आणि यातलं काहीही सुरू करण्याआधी हक्कांचा करार लेखी करून घ्या. तोंडी "घे रे, कर" याला प्रताधिकार कायदा, १९५७पुढे काही किंमत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे परदेशी प्रदर्शनाची पंचाईत. शिवाय वेगळं काही ठरवलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो संपतो, आणि आपल्याकडे वर्षभरात निर्मात्याची दुसरी मीटिंगसुद्धा होत नाही. रूपांतर करताना प्रसंग, पात्रं आणि शेवट बदलण्याची मुभा स्पष्ट शब्दांत घाला, कारण हक्क दिल्यानंतरही आपल्या कृतीचा नावलौकिकाला बाधक असा विपर्यास झाला म्हणून दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतोच. हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या, मी वकील नाही. करारावर सही झाली की वर म्हटलेल्या योगायोगांच्या खुणा करून इथेच टाका, पुढचं त्यावर बोलू.